खळ्यावरची चप्पल

आमच्या अक्काला पायात चप्पल घालायला लावनं म्हंजे म्हशीला लुगडं नेसवनं. हे मी त्यांच्या तोंडावर म्हनलेलं हाय. मागं बोलायची मला सवय न्हाई, आन तोंडावर बोलल्याबिगर मला भाकर पचत न्हाई.

अक्का म्हंजे माझी थोरली जाऊ, सखुबाई. मी कौशल्या, धाकटी. शिरड शहापूरच्या अलीकडं आमचं गाव, आन दोघींची घरं एका भिंतीची. त्या भिंतीला एक खिडकी हाय. तिच्यातूनच आमी भांडतो आन तिच्यातूनच कालवन देतो-घेतो. भांडन झालं त्या दिवशी अक्काकडून कालवन जरा जास्तीच येतं. मी नवी नवरी म्हनून आले तवा सासूनं मला घर दाखवलं, पन त्या घरात निभावून न्यायचं कसं ते अक्कानं शिकवलं. सासूच्या शिव्याबी माझ्या वाटनीच्या त्यांनीच खाल्ल्या.

आमच्याकडं सिद्धेश्वर धरनाच्या कालव्याचं पानी येतं, म्हनून हळद पिकती. हळद काढायची, हळदीच्या मोठ्या कुकरला शिजवायची, मंग खळ्यावर पसरून उन्हात वाळवायची. वाळताना ती रोज खालवर करावी लागती. पुरी वाळली की साल काढायच्या पॉलिशच्या ड्रममदी घालायची आन वसमतच्या बाजारात न्यायची. ह्याच्यात सगळा खेळ वाळन्याचा. आतून ओली राहिली की काळी पडली म्हनून समजा.

बाकीचे लोक हळकुंड मोडून बघतात, कट्‌कन वाजलं की वाळली. अक्का मोडत नव्हत्या. लुगड्याचा काष्टा वर खोचून त्या अनवानी हळदीत शिरायच्या आन पाय घासत घासत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जायच्या. हळद खालवर बी व्हायची आन परीक्षा बी व्हायची. "हिला आजून दोन उनं पायजेत," म्हनल्या की दोन म्हंजे दोनच. ओली असली तर पायाखाली दबती, वाळली तर टोचती, असं त्यांचं गनित. गावातले लोक बोलवायला यायचे, "सखुबाई, जरा आमच्या खळ्यावर पाय फिरवा." मला मात्र त्या कवा हळदीत पाय ठेवू द्यायच्या न्हाईत. म्हनायच्या, "तुझे पाय म्हशीचे, कौसे. तुला दगड आन हळकुंड सारखंच." आता म्हशीची गोष्ट मी काहून काढली ते कळलं ना?

आन खळ्यावर चप्पल? छ्या! हळद म्हंजे लक्ष्मी. पावना कितीबी मोठा असो, वहाना खळ्याबाहेर. अक्का तर पार बांधापलीकडंच चप्पल काढायच्या.

अक्काला साखर हाय हे कळून बरीच वर्सं झाली. गोळ्या दिल्या व्हत्या. पन त्या गोळीचं आन अक्काचं जावांसारखंच, पटलं तर पटलं. डोकं जड वाटलं की घ्यायच्या, बरं वाटलं की डबीत ठेवायच्या. साखर सोडली, गूळ धरला. "डाक्टरनं साखर बंद सांगितली, गुळाचं नाव कुठं काढलं?" ह्याच्यावर तुमी काय बोलनार!

पहिली निशानी आमी हसन्यावारी नेली. अक्का रानातून आल्या, डोक्यावर गवताचा भारा, एका पायात चप्पल आन दुसरा पाय उघडा. "अक्का, एक चप्पल कुनाला दान केली?" मी इचारलं. त्यांनी खाली बघितलं आन त्याच दचकल्या. माझे भाया, म्हंजे अक्काचे मालक सटवाजी, उलट्या पावली गेले आन कालव्याच्या पुलापासून चप्पल घेऊन आले. तिथून घर चांगलं लांब हाय. एवढ्या काट्याकुट्याच्या वाटंनं बाई एका पायानं अनवानी आली आन तिला पत्ताच न्हाई. आमी पोट धरून हसलो. अक्काबी हसल्या, पन जरा उशिरानं.

त्याच साली आनखी एक इपरीत झालं. अक्कानं "वाळली" म्हनलेली हळद पॉलिशवाल्या भावसिंगच्या ड्रममदी गेली आन आतून ओली निघाली. साल सुटंना, हळकुंडं चेचली, सगळा ढीग काळवंडला. असं कवा घडलं नव्हतं. अक्का त्या भावसिंगला अशा बोलल्या की कुत्रंबी ड्रमजवळ थांबलं न्हाई. "तुझा ड्रमच ओला हाय!" भावसिंग सोशीक मानूस. "व्हय माय, ड्रमच ओला," म्हनून गप बसला.

मंग पायाला मुंग्या यायला लागल्या. तळपाय भाजल्यागत व्हायचे, अंगावरची गोधडी पायाला सोसायची न्हाई. आन त्याच पायाला ठेच लागली तर कळायचं न्हाई. "कापसावर चालून राहिले असं वाटतं गं," म्हनायच्या. आमच्या गल्लीत डाक्टर घरोघरी. कुनी म्हनलं नस दबली, कुनी म्हनलं वात. पारुबाईनं लसनाचं तेल आनून दिलं. कुनीतरी गरम पान्यात मीठ टाकून पाय बुडवायला सांगितले. मी ताक द्यायला गेले तर अक्का घमेल्यात पाय सोडून बसल्या व्हत्या, वाफा निघत व्हत्या. मी बोट घातलं आन किंचाळलेच.

"अवो अक्का, ह्याच्यात बटाटे शिजतील!"

"कोमट तर हाय. काहून बोंबलतीस?"

पाय वर काढला तर लालबुंद, घोट्यापाशी फोड आलेले. तवाच दवाखाना गाठायला पायजे व्हता. पन हळद काढायला आलती. हळदीच्या दिवसांत आमच्याकडं मरायला सवड नसती, मंग दवाखान्याला कुठून?

आन एक दिवस मी खळ्यावर भाकरी घेऊन गेले. बघते तर पिवळ्या हळदीवर लाल ठिपके, एकापुढं एक. मला वाटलं पूजेचं कुंकू सांडलं. मी कडाडले, "कुनी गं सांडलं एवढं कुंकू?" अक्का आपल्या पाय घासत, गुनगुनत पुढं चालूनच राहिल्या. आन त्यांच्या टाचंमागं आनखी एक ठिपका पडला.

हातातली भाकर तिथंच टाकली. अक्काला धरून बसवलं, पाय मांडीवर घेतला. हळदीच्या दिवसांत सगळ्यांचेच पाय पिवळे, त्यात काय दिसतंय कपाळ! पदरानं खसाखसा पुसला. अंगठ्याखाली, चवड्यात, हळकुंडाचं टोक मोडून आत रुतलेलं. आन ते आजचं नव्हतं. भवतालचं कातडं पांढरं पडलं व्हतं, दाबलं तर पू आला.

"दुखतंय का अक्का?"

"कुठं?" अक्का म्हनल्या.

आमच्या गल्लीतल्या शेषरावचं असंच झालं व्हतं. खिळा घुसला, कळलं न्हाई, वरून हळद भरली, पाय आतून सडला. गुडघ्याखालून कापावा लागला. आता तो मारुतीच्या पारावर बसून येनाऱ्या-जानाऱ्याचे पाय बघत असतो.

भाया आले, बघितलं आन म्हनले, "हळद दाबा. भरून येतंय."

भायांसमोर मी आजवर तोंड वर करून बोललेली न्हाई. पदर डोक्यावर, मान खाली, हीच रीत. त्या दिवशी बोलले. "हळदीनंच भोक पाडलंय, आन वरून आनखी हळद? गाडी काढायला सांगा, न्हाईतर मी ह्यांना खांद्यावर घेऊन जाते." भाया गुपचूप माझ्या पोराला, रामला, हाक मारायला गेले.

हिंगोलीच्या दवाखान्यात डाक्टरीन बसली व्हती, तरनी पोरगी, पन हात लई हलका. तिनं जखम धुतली, आतलं टोक काढलं, हाडाचा फोटो काढून आना म्हनली. मंग मासे धरायच्या दोऱ्यासारखा नायलॉनचा बारीक दोरा घेतला. "मावशी, डोळे मिटा. पायाला लागलं की हो म्हणा."

"हो," अक्का म्हनल्या.

डाक्टरनीचा हात आजून हवेतच व्हता.

"हो. आता बी लागलं. हो." अक्का आपल्या डोळे गच्च मिटून सांगून राहिल्या. चौकशीला आलेल्या सायबासमोर बराबर उत्तर द्यावं तसा चेहरा. मंग त्या पोरीनं खरंच दोरा टेकवला, अंगठ्याला, चवड्याला, टाचंला, पार वाकंपर्यंत दाबला. अक्का गप. आजून लागलं न्हाई, आजून लागलं न्हाई, म्हनून वाट बघत बसलेल्या. मला रडू फुटलं. मी खिडकीकडं तोंड केलं आन नाक शिंकरलं.

डाक्टरीन रागावली न्हाई. तिनं इचारलं, "मावशी, तुमच्याकडे कालवा आहे ना? पाणी कमी पडलं की आधी कोणाचं तुटतं?"

"आमचंच!" अक्का ताडकन म्हनल्या. "कालव्याच्या शेवटाला, टेलला हावोत ना आमी."

"तसंच आहे हे. पायाच्या नसा सगळ्यात लांब. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की आधी टोकाच्या नसा खराब होतात. पायाची बोटं म्हणजे टेल. काटा टोचला, चटका बसला, तरी वर खबर पोचत नाही. आणि मधेच खोटी खबर पोचते, तीच ती आग आणि मुंग्या."

"मंग औषधानं टेलला पानी येईल का पुन्हा?" मी इचारलं.

"आग कमी करायची गोळी देते. रक्तात बी-बारा कमी असेल तर तेही भरून काढू. पण गेलेली जाणीव सगळी परत येईल असं मी खोटं सांगणार नाही. साखर आटोक्यात ठेवली तर पुढचं नुकसान थांबवता येतं." मंग तिनं फोटो उजेडात धरला. "हाडापर्यंत पोचलेलं नाही. आणखी आठवडाभर घरी राहिला असता तर बोट तरी गेलं असतं, कदाचित पायही. आता जखम भरेपर्यंत ह्या पायावर भार नको. आणि पुढं जन्मभर अनवाणी चालायचं नाही. घरातसुद्धा नाही. गरम पाणी नाही, शेक नाही. रोज कोणीतरी तळपाय बघायचे."

"गूळ?" मी अक्काकडं बघत इचारलं.

"गूळ म्हणजे साखरच, मावशी."

अक्कानं माझ्याकडं असं बघितलं, जसं गूळ मीच बनवते.

तिथूनच मऊ तळाच्या, मागं पट्टा असलेल्या चपला घेतल्या. पट्टा असला की निसटत न्हाई. घरी आल्यावर अक्का तीन-चार दिस बाजेवर गपगुमान पडून राहिल्या. ड्रेसिंगला जायचं, गोळी वेळेवर, बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करून प्यायचा. मला वाटलं, बाई सुधरली. कसली सुधरती! एक दिवस खिडकीतून हाक मारली तर ओ न्हाई. बाज रिकामी. मी तशीच पळत खळ्यावर गेले. पट्ट्याच्या चपला खळ्याबाहेर जोडीनं काढून ठेवलेल्या, आन अक्का पायाला बांधलेल्या पट्टीसकट हळदीत.

माझं टाळकंच फिरलं. "अक्का! काय ठरलं व्हतं?"

"लक्ष्मीवर चप्पल घालून नाचू का?"

"मंग ट्रॅक्टर काहून येऊ देता खळ्यावर? शेनामातीतून चाकं घेऊन येतो. त्याला कुनी म्हनतं का, बाहेर काढून ये म्हनून?"

"ट्रॅक्टरच्या चाकाला जीव नसतो."

"तुमच्या पायाला तरी कुठं राहिलाय!"

बोलून गेले. जीभ चावली, पन सुटलेला शब्द काय माघारी येतोय? अक्का हळदीतच मटकन बसल्या. मला वाटलं आता शिव्या घालतील, घालाव्यात बी. पन त्यांनी एक हळकुंड उचललं आन बोटांनी नुसतंच फिरवत राहिल्या.

"कौसे," त्या म्हनल्या, "भावसिंगचा ड्रम ओला नव्हता."

मला आधी कळंनाच.

"हळदच ओली व्हती. मला कळलं न्हाई. लई दिसापासून मला काहीच कळत न्हाई पायाला. दबती का टोचती, काही न्हाई. मी आपली अंदाजानं सांगत व्हते, दोन उनं, तीन उनं. लक्ष्मीचं नाव नुसतं पुढं केलं मी. चप्पल घालून खळ्यावर गेले तर सगळ्या गावाला कळंल ना, की सखुबाईचे पाय मेले. मंग मला कोन बोलावील? शेषरावला बघतीस ना पारावर? त्याचा पाय गेला म्हनून तो तिथं बसत न्हाई. त्याला आता कुनी काही इचारत न्हाई म्हनून बसतो."

एवढी वर्सं एका भिंतीआड राहिले, पन अक्काला रडताना मी दोनदाच बघितलं व्हतं. त्या दिवशी तिसऱ्यांदा. मी बी त्यांच्याजवळ बसले आन त्यांच्यापेक्षा मोठ्यानं रडले. रडन्यात मी कवा मागं हटत न्हाई.

रडून झाल्यावर मला रागच आला, खरं सांगते. एवढी मोठी गोष्ट बाईनं एकटीनं पोटात ठेवली, आन मी शेजारी खिडकीत! मी उठले. अक्काला खांद्याला धरून बाहेर आनलं, लिंबाखाली बाज टाकून पाय वर ठेवून बसवलं. मंग माझी चप्पल काढली आन हळदीत शिरले.

"काय करून राहिलीस?"

"इचारा."

"काय इचारू?"

"तुमच्या पायाला जे इचारत व्हता ते माझ्या पायाला इचारा. म्हशीचे असले तरी जिते हायेत."

अक्कानं डोळे पुसले. मंग म्हनल्या, "असं धपाधपा न्हाई. घासत चाल. टाच उचलू नको." मी घासत चालले. "टोचतंय का?" "टोचतंय." "कुठं? टाचंला का चवड्याला?" "दोन्हीकडं." "मंग कडंलाच फिरतीस. कडंची हळद आधी वाळती, मधली मागून. मधी जा." मधी गेले. खरंच, मधी टोचत नव्हती, रबरावानी दबत व्हती. "अक्का, दबती!" मी वरडले, पोरगी पहिल्यांदा पोहायला शिकल्यावर वरडती तशी.

"मंग दोन उनं," अक्का म्हनल्या.

दोन उनं दिली. भावसिंगच्या ड्रममदी घातली तर साल कशी झरझर सुटली! अक्का बाजेवरनं भावसिंगला म्हनल्या, "तुझा ड्रम चांगला हाय रे लेकरा. मागच्या साली मीच चुकले." भावसिंग म्हनला, "माय, मला तवाच ठावं व्हतं." त्याला चहा दिला, आन अक्काला चोरून त्यात गूळ जरा जास्त घातला.

त्या सालापासून आमचा एक नेम झाला. दिवेलागनीच्या आधी, उजेड असतानाच, मी अक्काच्या ओट्यावर बसते आन त्यांचे पाय मांडीवर घेते. बोटांच्या बेचक्या, टाचंच्या भेगा, तळवे, सगळं बघायचं. मी नसले तर भाया बघतात. आधी भायांना लाज वाटली, गडीमानसानं बायकोचे पाय मांडीवर घ्यायचे म्हंजे काय! एकदा घेतले, मंग घेतच राहिले. जखम भरायला लई दिस गेले. मधी एकदा चिघळली, डाक्टरनीनं मलाच झापलं. पोळ्याच्या सुमाराला पार भरली. बोट हाय, पाय हाय. पायाची आग बी आता बरीच कमी हाय. साखर खाली आली, गूळ सुटला. निदान माझ्यासमोर तरी सुटला.

यंदा पहिली हळद खळ्यावर पडली. आदल्या दिवशी भायांनी अक्कासाठी नव्या चपला आनल्या, तशाच मऊ, पट्ट्याच्या. त्यांना हळद-कुंकू लावलं आन म्हनले, "ह्या खळ्याच्याच. खळ्याबाहेर जायच्या न्हाईत. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुनी आनतो तशा." आन अक्का सकाळी सगळ्यांच्या आधी त्याच घालून खळ्यावर उभ्या. शेजारपाजारचे लोक बघून राहिले. पारुबाई तोंडाला पदर लावून कुनाच्या तरी कानात काहीतरी म्हनली.

नारळ फोडला. रीतीपरमानं मी अक्काच्या पाया पडायला वाकले. अक्कानं डोळे मिटले, हात वर केला आन म्हनल्या, "सुखाची राहा."

"आजून हात लावला न्हाई, अक्का."

सगळे खळाळून हसले. अक्काबी हसल्या, पन डोळे मिटूनच. मंग मी चपलेतून दिसनारे त्यांचे दोन्ही अंगठे धरले आन चांगले दाबले, माझी बोटं पांढरी पडंपर्यंत.

"आता?"

अक्का व्हय म्हनल्या असत्या तर कुनाला काय कळनार व्हतं?

"न्हाई गं," सगळ्यांना ऐकू जाईल असं त्या म्हनल्या. "न्हाई कळलं. माझ्या पायाला आता काही कळत न्हाई." मंग डोळे उघडले आन खाली माझ्याकडं बघितलं. "पन तू हायेस ना तिथं?"

"हाय की."

"मंग ऊठ. हळदीत जा, आन काय लागतंय ते मला सांग."

मी चप्पल काढली आन हळदीत गेले.